काच असते ना मध्ये

"गेला," सासूबाई म्हणाल्या.

बातम्या सांगणारी बाई वाक्याच्या मधोमध नाहीशी झाली होती. काळ्या काचेत आता आम्हीच दिसत होतो. खुर्चीत पाय लांब करून बसलेल्या सासूबाई, मांडीवर अन्वीला घेतलेली मी, आणि टीव्हीच्या डोक्यावर कालची, दसऱ्याची झेंडूची माळ. मी रिमोट दाबला. कंपनीचं नाव आलं, चित्र आलं, बाईनं पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा अंधार.

"अजून एकदा कर."

केलं. या वेळी बाईचा चेहरासुद्धा पुरता उमटला नाही.

"काल रात्रीपर्यंत धडधाकट होता," सासूबाई म्हणाल्या, आणि टीव्हीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. "काल तू प्लग काढला होतास ना?"

"वीज चमकत होती, आई."

"वीज तिकडं उस्मानाबादकडं चमकत होती. बार्शीत थेंब नव्हता."

उस्मानाबादकडं वीज चमकली की मी बार्शीत प्लग काढायची, हे खरंच होतं. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. लग्नाआधी अॅसिडच्या बाटल्या बिनधास्त हाताळलेली मुलगी. पण अन्वी झाल्यापासून माझ्यात काहीतरी सैल झालं होतं, किंवा घट्ट झालं होतं म्हणा. गॅसचं बटण बंद केलं की पुन्हा जाऊन बघायचं, आणि बघितलंय का हे आठवेना म्हणून परत जायचं. बाळाच्या दुधाची वाटी उकळून झाली तरी पुन्हा उकळायची. पोर गाढ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायचं.

"श्वास घेतेय गं ती," सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या. "तिला सवय आहे त्याची."

त्यांच्या बोलण्यात विष नसायचं, पण धार असायची. आणि त्या शनिवारी धारेला कारणही होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता, त्यांची मुलगी टीव्हीवर येणार होती.

कार्तिकी, म्हणजे माझी नणंद, राज्याच्या खो-खो संघातून खेळायची. संघ अंतिम फेरीत पोचला होता. सामना इंदूरला, आणि खेळांच्या सरकारी चॅनेलवर थेट दाखवणार होते. माझा नवरा समाधान बहिणीबरोबर तिकडेच गेला होता. घरात आम्ही दोघी आणि अन्वी.

आता यात एक गोम होती. सासूबाईंनी लेकीचा खेळ कधीच बघितला नव्हता. एकदाच बघितला होता, ती आठवीत असताना, तालुक्याच्या सामन्यांना. मैदानाच्या कडेला उभ्या राहून त्या कौतुकानं बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पोरगी खांबाला सूर मारताना आपटली. समोरचा दात गेला, हाताचं हाड मोडलं. "माझीच नजर लागली," असं त्यांनी त्या दिवशी ठरवून टाकलं. त्यानंतर पोरीच्या शाळेचे, जिल्ह्याचे, राज्याचे सामने झाले. या डबा भरून द्यायच्या, बूट पुसून द्यायच्या आणि दारातूनच मागं फिरायच्या. सामना असला की दिवसभर देवाजवळ बसायच्या. निकाल फोनवर.

या वेळी निघताना कार्तिकी त्यांच्या खुर्चीजवळ बसली होती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती खुर्चीच त्यांचं गाव होती.

"आई, टीव्हीवर बघ. टीव्हीतनं नजर लागत नाही."

"कुणी सांगितलं?"

"काच असते ना मध्ये."

सासूबाईंनी टीव्हीकडे निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "काच जाड आहे तशी."

असं ते ठरलं होतं. आणि आता ती काच काळी पडली होती.

समाधानचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग वरच्यांकडे जा की." वरचे दसऱ्याला गावी गेले होते, कुलूप होतं. "मग समोर शिंद्यांकडे." मी फोनवर हात ठेवून सासूबाईंना विचारलं.

"लोकांच्या घरी बसून मी माझी पोर बघू? आणि पडलीबिडली तर? त्यांच्या सोफ्यावर रडू?" त्यांनी मान फिरवली. "राहू दे. नाही बघायचं तर नाही बघायचं. माझं काही अडत नाही."

माझं काही अडत नाही, असं म्हणताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. ते मी बघितलं. मला सगळंच दिसायचं त्या दिवसांत, हाच तर माझा आजार होता.

दुपारी माने मेकॅनिक आला. आल्या आल्या त्यानं रिमोट दाबला, टीव्ही लागलेला बघितला, बंद झालेला बघितला. पुन्हा तेच. मागचं झाकण उघडण्याच्या भानगडीत पडला नाही. पाठीमागे एक टिचकी मारली, डॉक्टर पोटावर मारतात तशी, आणि निदान केलं.

"बोर्ड गेलाय. घरात कुणी सारखं प्लग काढ-घाल करतंय का?"

सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मानेही बघायला लागला. अन्वी तेवढी भिंतीकडे बघत होती.

"होय," मी म्हणाले.

"मग त्यानंच. वहिनी, ह्या पातळ टीव्हींचं काळीज नाजूक असतं. दुकानात न्यायला लागंल. उद्या रविवार. मंगळवारी बघतो."

"उद्याचा सामना..."

"उद्या कसं होईल, वहिनी?" तो वायर गुंडाळायला लागला.

"राहू द्या," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण जरा मोठा आला. "नेऊ नका."

माने गेला. सासूबाई म्हणाल्या, "ठेवून काय त्याची पूजा करायचीय? नेला असता तर मंगळवारी तरी आला असता."

त्या रात्री कार्तिकीचा फोन आला तर तिला म्हणाल्या, "हो, हो, बघणार की. चार वाजता. खुर्ची समोरच आहे." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "तिला काही सांगू नकोस. खेळताना मन थाऱ्यावर पाहिजे."

रविवारी सकाळी अन्वीला अंघोळ घालून, चटईवर ठेवून मी टीव्हीसमोर बसले.

कॉलेजात आमच्या प्रयोगशाळेत एकच नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी तेवढंच करायचं ठरवलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. आधी प्लग दुसऱ्या भिंतीतल्या सॉकेटला लावला. टीव्ही लागला, गेला. मग मधला स्टॅबिलायझर काढून सरळ जोडला. लागला, गेला. मग सेट-टॉप बॉक्सची वायर काढली. नुसता निळा पडदा आला आणि तोही गेला.

"बघ, जे आहे तेही घालवशील," खुर्चीतून आवाज आला.

"गेलेलंच आहे, आई. अजून किती जाणार?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. सासूबाई चमकल्या, पण त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला असं मला वाटलं.

मग मला रिमोटचा संशय आला. त्याचं एखादं बटण अडकलं असेल तर? मी टीव्ही लावला आणि लगेच रिमोटमधले सेल काढून हातात घेतले. श्वास धरून पडद्याकडे बघत बसले. आणि तेव्हा मला ते दिसलं. बंद होण्याआधी, अगदी पापणी लवेपर्यंत, पडद्याच्या खाली आवाजाची हिरवी पट्टी उमटली. आवाज एक घर वाढला. मग अंधार.

सेल माझ्या मुठीत होते.

"आई, आवाज वाढवला कुणी?"

"मी कशाला वाढवू? रिमोट तुझ्याकडंय."

"तेच म्हणतेय. रिमोट मेलेला आहे. तरी कुणीतरी बटण दाबतंय."

"आता भूत म्हण," सासूबाई म्हणाल्या. "तेवढंच राहिलं होतं."

मी परत लावला. परत तसंच. पट्टी, अंधार. म्हणजे वीज नाही, वायर नाही, बोर्डाचं काळीजही नाही. टीव्हीला वाटत होतं की कुणीतरी त्याचं बटण दाबून धरलंय, आणि बिचारा हुकूम पाळत होता: आधी आवाज वाढवायचा, आणि तरी बोट हटेना म्हणून बंद व्हायचा.

पण बटण कुठलं? पुढं सपाट काच. बाजूला काही नाही. घरात आल्यापासून त्याला रिमोटशिवाय कुणी हात लावला नव्हता. पाठीमागे मी बोटं फिरवली, जाळी लागली, धूळ लागली, बटण काही लागेना. घड्याळ पुढे चाललं होतं. कुकर लावायचा राहिला होता. सासूबाईंनी जपाची माळ काढली होती. म्हणजे आशा सोडली होती.

एवढ्यात अन्वी पालथी झाली आणि चटईवरून सरकत टेबलाच्या पायापर्यंत गेली. मी झडप घालून तिला उचलली, आणि सवयीनं तिथली फरशी बघितली.

मुंग्या. बारीक, तांबड्या, चावणाऱ्या.

"मुंग्या, आई! अन्वीच्या जवळ!"

"दिवाळीच्या तोंडाला मुंग्या असतात गं. हळद टाक."

मी पोरीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, अंगावर कुठं मुंगी नाही ना हे पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघितलं आणि हळदीचा डबा आणला. मुंग्या येतात कुठून हे मला बघायचं नव्हतं. जातात कुठं, तिथं जायचं कारण काय, ते बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. रांग खिडकीच्या चौकटीतून भिंतीवर, भिंतीवरून टेबलाच्या पायावर आणि तिथून सरळ टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या कडेच्या आत चालली होती.

मी हातात हळद घेऊन तशीच बसून राहिले. स्वयंपाकघरात साखरेचा डबा सोडून मुंग्या टीव्हीत कशाला जातील?

"आई, बॅटरी कुठंय?"

मी फरशीवर उताणी झोपले आणि टेबलाच्या कडेतून डोकं आत घालून टीव्हीच्या खालून वर बॅटरी मारली. तिथं, तांबडा दिवा असतो त्याच्या बरोबर खाली, आतल्या अंगाला, ओळीनं इवलीशी बटणं होती. बाकीची बाहेर आलेली. एक आत दबलेलं. त्याच्याभोवती तांबूस, चकाकणारं, वाळलेलं काहीतरी होतं आणि मुंग्या त्यावर गोळा झाल्या होत्या. मी त्यांना फुंकर मारली, नखानं थोडं खरवडलं. बोट चिकट झालं. नाकाशी नेलं.

वेलदोडा.

मी तशीच उताणी पडून राहिले. वर टीव्हीच्या कपाळावर परवाच्या पूजेचं कुंकू होतं, ते मला तिथून दिसत नव्हतं, पण आहे हे माहीत होतं. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांबरोबर घरातल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं. विळी, शिलाई मशीन, मिक्सर, समाधानची मोटारसायकल. पूजा चालली होती तेव्हा मी आत अन्वीला अंघोळ घालत होते. बाहेर आले तेव्हा सगळ्यांच्या कपाळी टिळे होते आणि नैवेद्याचे पेढे वाटीत होते.

"काय आहे?" वरून सासूबाईंचा आवाज आला.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. दोन दिवस मी त्यांच्या नजरेखाली वावरले होते. माने मेकॅनिकसमोर मान खाली घातली होती. एक वाक्य, आणि प्लगचं प्रकरण कायमचं मिटलं असतं.

पण मला दुसरंही दिसलं. हे त्यांच्या हातून झालंय असं त्यांना कळलं, तर टीव्ही दुरुस्त होऊनही त्या बघणार नाहीत. माझा हात लागला आणि बिघडलं, म्हणतील. माझी नजर तर काचेतूनही लागेल, म्हणतील. खुर्ची वळवून देवाकडे तोंड करून बसतील.

"धूळ," मी म्हणाले. "बटणात धूळ अडकलीय. साफ करते."

मी प्लग काढला. नळाखाली हात धुतले, पुसले, परत येऊन प्लग काढलाय ना ते बघितलं. अन्वीच्या कपाटातून कान साफ करायच्या काड्या घेतल्या. ती जन्मली तेव्हा नाळ पुसायला आणलेली स्पिरिटची बाटली अजून होती. अशा गोष्टी मी टाकत नसे. सासूबाईंनी अन्वीला झोळीत टाकलं, खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, दुखरा पाय पुढे केला आणि बॅटरी हातात घेतली.

"कुठं मारू?"

"इथं. खाली. अजून थोडं खाली."

पहिली काडी स्पिरिटमध्ये बुडवून फिरवली. लाल झाली. दुसरी लाल झाली. तिसरी गुलाबी. कुंकू निघत होतं, पण बटण जागचं हलेना. दाबून बघितलं, बाजूनं हलवून बघितलं. मुंगी तेवढी एक बाहेर आली. स्पिरिट उडून जायचं आणि खाली तो चिकट थर तसाच्या तसा.

बॅटरीचा उजेड थरथरायला लागला होता. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

"आई, दमला असाल तर ठेवा."

"तू कर."

मग मला माझी मीच खुळी वाटले. साखर स्पिरिटमध्ये विरघळत नाही. विरघळते पाण्यात. हे मी परीक्षेत लिहून आले होते.

पण पाणी. टीव्हीत.

उस्मानाबादकडे वीज चमकली तर बार्शीत प्लग काढणारी मी. ओल्या हातानं दिव्याचं बटण दाबलं तर समाधानला ओरडणारी. मी बाहेर सरकून उठून बसले.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"पाण्यानंच निघेल. कोमट पाण्यानं. पण जास्त गेलं तर संपलं मग. कायमचंच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही, टीव्हीकडेही नाही.

"प्लग काढलायस?"

"काढलाय."

"बघितलायस?"

"तीनदा."

"मग निघालेलाच असणार," त्या म्हणाल्या. "तू बघितलंय म्हणजे झालं. लाव पाणी."

मी आजवर जे काही दहादा तपासलं होतं, त्या सगळ्याचा मला त्या क्षणी पगार मिळाला असं वाटलं.

कोमट पाणी वाटीत आणलं. काडी बुडवली, दोन बोटांत पिळून नुसती ओलसर ठेवली, आणि बटणाच्या कडेनं, बाळाच्या कानामागून फिरवावी तशी, फिरवली. टाकली. दुसरी घेतली. घाई केली नाही. घाई मला येतच नव्हती तेव्हा. थर मऊ पडला, तांबूस पाणी कापसात यायला लागलं. मी नखानं बटण एकदा हळूच दाबून सोडलं.

टक्.

एवढासा आवाज. बटण बाहेर आलं होतं. दाबलं, आत गेलं. सोडलं, बाहेर आलं.

"लागलं?" सासूबाई पुढे वाकल्या. "लाव प्लग."

"अजून नाही."

"अगं पावणेचार झालेत."

"असू देत. आधी वाळू दे."

मी परत स्पिरिट फिरवलं, आत राहिलेलं पाणी ओढून घ्यायला. पंखा टीव्हीसमोर लावला. टेबलाच्या पायांभोवती हळदीची रेघ ओढली. समाधानचा फोन आला, मागे लाउडस्पीकरचा गोंधळ, "पोरी मैदानात आल्या, आईला सांग, दिसते का?" मी म्हणाले, "दिसेल." सासूबाईंची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. चार वाजले. चार वाजून गेले. मी काडीचं कोरडं टोक आत घालून बघितलं, गालाला लावून बघितलं. अजून गार लागत होतं.

"स्वरूपा," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

"थोडंसंच, आई."

पुढची काडी गालाला लावली तेव्हा ती नुसता कापूस होती. मी प्लग लावला. रिमोटमध्ये सेल घातले. दाबला.

कंपनीचं नाव आलं. चित्र आलं. मी हिरव्या पट्टीची वाट बघत राहिले. पट्टी आली नाही.

माती, पांढऱ्या रेघा, दोन खांब, ओळीत आलटून पालटून विरुद्ध बाजूंना तोंड करून बसलेल्या पोरी, आणि एकीच्या पाठीवर थाप मारून ओरडणारी दुसरी, "खो!"

"आमच्या कुठल्या?" सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरला होता आणि बोटांमधून बघत होत्या.

"भगव्या शर्टातल्या."

"आणि ती?"

"ती अजून बाहेर बसलीय. तिची पाळी शेवटी."

मध्येच पडदा काळा झाला. सासूबाईंच्या घशातून बारीक आवाज निघाला. मी उठून उभीच राहिले. मग साबणाची जाहिरात लागली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि हसणं थांबेना म्हणून अन्वी झोळीत जागी झाली.

शेवटच्या डावात समोरच्या संघाला थोडेच गुण हवे होते. आमच्या पोरी एकेक करून बाद होत होत्या, आणि मग कार्तिकी आत आली. दाताच्या जागी बसवलेला दात दाखवत, कंबरेवर हात ठेवून. समोरच्या पोरी वाघिणींसारख्या मागे. ती खांबाकडे धावायची आणि शेवटच्या क्षणी वळायची, बसलेल्या पोरींमधून नागमोडी निघायची, मागून "खो" पडायच्या आत दुसऱ्या बाजूला. एकदा सूर मारणाऱ्या पोरीचा हात तिच्या टाचेपासून बोटभर चुकला.

"पडली?" सासूबाईंनी डोळे गच्च मिटले.

"नाही. आई, डोळे उघडा. पळतेय."

"काच आहे ना?"

"आहे. जाड आहे."

त्यांनी हात खाली घेतला. दोन्ही डोळे उघडे ठेवून, आठवीनंतर पहिल्यांदा, आपल्या पोरीला पळताना बघितलं. ओठ तिच्या पायांबरोबर हलत होते. वळ, वळ, वळ. शिट्टी वाजली तेव्हा कार्तिकी मैदानात उभी होती. कुणाचा हात तिला लागला नव्हता. भगवे शर्ट तिच्यावर येऊन पडले.

मग कॅमेरा जवळ गेला. कार्तिकी धापा टाकत होती, कपाळावर माती. कुणी तिला काहीतरी विचारत होतं. तिनं उत्तर दिलं नाही. ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली, पडदाभर तिचा चेहरा झाला, आणि तिनं बोटाच्या पेरानं कॅमेऱ्याच्या काचेवर वाजवलं. टक टक.

सासूबाई उठल्या. हाताला काठी नाही, माझा आधार नाही. दुखऱ्या गुडघ्यावर दोन पावलं टाकली आणि या बाजूनं पडद्यावर बोट वाजवलं.

"दिसतेस गं," त्या म्हणाल्या. "दिसतेस."

संध्याकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा त्या टेबलावरची वाटी बघत होत्या. तिच्यात लाल-गुलाबी टोकांच्या काड्या पडल्या होत्या. मी टाकायला विसरले होते.

"धूळ का गं ही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लाल धूळ."

मी कप पुढे केला.

"आणि मुंग्या लागणारी." त्यांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर घातली. "बॅटरी मी धरली होती, स्वरूपा. पहिल्याच काडीला कळलं मला."

"मग बोलला नाहीत?"

"तू बोलली नाहीस, मी कशाला बोलू?" त्यांनी एक घोट घेतला. "पेढा भरवला मी त्याला. दिवा लागतो तिथं त्याचं तोंड असणार असं धरलं आणि लावला थोडा, कुंकवाबरोबर. म्हटलं, माझी पोर येणार आहे ह्याच्यातनं, ह्याचं तोंड गोड नको करायला?"

मला हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं. त्यांनाही हसू आलं असावं, कारण चहा बशीतून सांडला.

"त्या मान्याला उद्या फोन लाव," त्या म्हणाल्या. "मी बोलते. काळीज नाजूक म्हणे. आमच्या घरात नाजूक काळजाचं काय करायचं ते आम्हाला कळतं, म्हणावं."

त्याला त्या खरंच एवढं बोलल्या की माने महिनाभर आमच्या गल्लीतून जाताना हॉर्न वाजवायचा बंद झाला.

मी काही एका दिवसात सुधारले नाही. गॅसचं बटण मी आजही पुन्हा बघते. अन्वी आता सायकलवर शाळेत जाते, तिला मी कोपऱ्यापर्यंत नजरेनं सोडते. पण तेव्हापासून घरात काही बिघडलं, की सासूबाईंची पहिली हाक मला येते. "आधी स्वरूपाला बघू दे. तिला दिसतं." मिक्सर, पंखा, एकदा तर शेजाऱ्यांच्या विहिरीची मोटारसुद्धा.

आणि पुढचा दसरा. सकाळी अन्वीला तयार करून मी बाहेर आले तेव्हा पूजा मांडून झाली होती. चौरंगावर विळी, कात्री, मिक्सरचं भांडं, बाजूला शिलाई मशीन. टीव्हीला एकच झेंडू, आणि तोही लांबून, टेबलाच्या कडेला ठेवलेला. पेढ्यांची वाटी त्याच्यापासून शक्य तितकी दूर.

"यंदा त्याला उपास," सासूबाई म्हणाल्या.

त्या टिळे लावत लावत पुढे सरकल्या. विळीला, कात्रीला, मशीनच्या चाकाला. ओळीच्या शेवटी, बाकीच्या हत्यारांना अगदी चिकटून, त्यांनी अन्वीच्या कान साफ करायच्या काड्यांची गोल डबी ठेवली होती. तिलाही हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि हात जोडले.